कपाटातली किल्ली आणि खिशातला फोन

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, दोन महिन्यांपूर्वी आम्ही नवी गाडी घेतली. शोरूममध्येच धाकट्या दिरांनी त्यांच्या ईमेलवरून कंपनीचं खातं उघडलं आणि माझ्या व ह्यांच्या फोनवर गाडीची किल्ली पाठवली. तेव्हापासून खऱ्या किल्ल्यांना कुणी हात लावलेला नाही. दोन्ही दाराजवळच्या कपाटात पडून आहेत. मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ पाहिला. रात्रीची वेळ, दोन माणसं, एकाच्या हातात पिशवीसारखं काहीतरी. तो घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीजवळ, आणि मिनिटभरात गाडी निघून जाते. काच फुटत नाही की भोंगा वाजत नाही. त्या दिवसापासून रात्री दोनदा उठून मी खिडकीतून गाडी बघते. सासरे म्हणतात, फोनमधली किल्ली आजच्या आज काढून टाका. हे म्हणतात, बँकेचे पैसे फोनवर ठेवतेस, मग गाडीलाच का घाबरतेस? मला दोघांचंही पटतं आणि कुणाचंच पटत नाही. माझा फोन घरात सगळेच वापरतात, पिन सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे फोन हरवला तरी कुणीतरी लगेच बंद करेल, ती काळजी नाही. भाच्यालाही आठ दिवसांसाठी किल्ली पाठवली होती, त्याला आता महिना झाला, पण तो घरचाच. काळजी आहे ती त्या व्हिडिओतल्या माणसांची. काय करू?"

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ज्या माणसांमुळे तुमची झोप उडाली आहे, त्यांचा बंदोबस्त सोपा आहे. मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटाकडे तुम्ही सहज लिहून गेलात त्या गोष्टींची: सगळ्यांना माहीत असलेला पिन, दिरांच्या नावावरचं खातं आणि भाच्याकडे राहून गेलेली किल्ली. पण आधी व्हिडिओ, कारण झोप तुम्हाला आज हवी आहे.

तुम्ही पाहिलं त्याला रिले हल्ला म्हणतात. बटण न दाबता उघडणारी गाडी सतत हलक्या आवाजात विचारत असते, 'माझी किल्ली जवळ आहे का?' किल्ली जवळ असली तरच तिला ते ऐकू जातं आणि ती उत्तर देते. चोरांपैकी एक जण गाडीचा प्रश्न पकडतो आणि दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा तो घराच्या दाराशी पुन्हा वाजवतो. दाराजवळच्या कपाटातली किल्ली इमानेइतबारे उत्तर देते आणि ते उत्तर त्याच वाटेनं गाडीपर्यंत पोचतं. कुणी कुलूप फोडत नाही, कुठलाही सांकेतिक क्रमांक उलगडत नाही. नुसता निरोप इकडून तिकडे पोचवला जातो, आणि गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे.

हे नवं नाही. स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला होता, आणि दहाही फसली होती. जर्मनीतला एडीएसी हा वाहनचालकांचा क्लब गेली कित्येक वर्षं अशाच चाचण्या घेतो आहे. शेकडो मॉडेलं तपासून झाली, त्यांतली बहुतेक आजही उघडतात.

आता नीट बघा. हा हल्ला प्रामुख्यानं कोणत्या किल्लीवर होतो? नेहमीच्या, बटणांच्या किल्लीवर. म्हणजे तुमच्या कपाटातल्या. सासऱ्यांचं ऐकून आज फोनमधली किल्ली काढून टाकलीत तरी व्हिडिओतला माणूस तुमच्या दाराशी तेच करू शकेल, कारण त्याला फोनशी घेणंदेणंच नव्हतं. म्हणून आजच्या आज एवढं करा. दोन्ही किल्ल्या दारापासून लांब, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, किंवा लहरी अडवणारी पिशवी मिळते तिच्यात. मग डबा तसाच हातात घेऊन गाडीपाशी जा. तुमचा आणि घरातल्यांचा फोन मात्र त्या वेळी पुरेसा लांब ठेवा. दार उघडलं, तर डबा कामाचा नाही. ही तपासणी टाळू नका. झाकण सैल असलेले डबे हमखास दगा देतात, आणि पिशव्याही वापरून विरतात. एक किल्ली कधीच वापरत नसाल तर तिची बॅटरी काढून ठेवणं सगळ्यात सोपं. बहुतेक गाड्यांत बॅटरी नसलेली किल्लीही ठरावीक जागी टेकवली की इंजिन सुरू होतं. ती जागा कोणती, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. ते पान एकदा उघडून बघा.

राहता राहिली फोनची किल्ली. 'फोनची किल्ली' असं आपण म्हणतो, पण त्या एका नावाखाली निरनिराळ्या वस्तू आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही. तुमच्याकडे कोणती आहे हे पत्रावरून कळत नाही, म्हणून ओळखायची कशी ते सांगते.

फोन दाराच्या मुठीला टेकवावा लागत असेल तर ती एनएफसीची किल्ली. तिचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. रात्री फोन उशाशी आहे आणि कुणी रस्त्यावरून त्याच्याशी बोलतो आहे, हे तिथं घडत नाही. रोज फोन पर्समधून बाहेर काढण्याचा थोडा कंटाळा येतो खरा, पण घाबरट मनाला याहून चांगली किल्ली नाही.

फोन पर्समध्येच असताना गाडी उघडत असेल, तर आत ब्लूटूथ आहे किंवा युडब्ल्यूबी म्हणजे अल्ट्रावाइडबँड. या दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे. साधं ब्लूटूथ प्रामुख्यानं लहरीचा जोर बघून अंतराचा अंदाज घेतं, आणि जोर वाढवून दाखवता येतो. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा संस्थेच्या संशोधकानं टेस्लाच्या मॉडेल ३ गाडीवर ते करून दाखवलं. फोन घराच्या वरच्या मजल्यावर, गाडीपासून सुमारे २५ मीटर लांब होता, आणि मध्ये ठेवलेल्या दोन उपकरणांनी गाडी उघडून सुरू करून दिली. या मध्यस्थीनं निरोपाला फक्त ८ मिलिसेकंदांचा उशीर झाला. ब्लूटूथच्या हिशोबात एवढा उशीर नेहमीचाच, म्हणून गाडीला संशय आला नाही.

युडब्ल्यूबी जोर बघत नाही, वेळ मोजतं. लहर गाडीकडून फोनकडे जाऊन परत यायला किती वेळ लागला, ते नॅनोसेकंदांत. एका नॅनोसेकंदात लहर साधारण ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे फोन १० मीटरवर असेल तर जाऊन यायला साधारण ६७ नॅनोसेकंद. आता ते ८ मिलिसेकंद आठवा. तेवढ्या वेळात लहर जवळजवळ २,४०० किलोमीटर जाते. मध्ये निरोप्या बसवला की वेळ वाढतोच, कमी करणं त्याच्या हातात नसतं, आणि वेळ वाढला की गाडी म्हणते, किल्ली लांब आहे. एडीएसीच्या चाचण्यांत ज्या थोड्या गाड्या टिकल्या त्या मुख्यतः याच तंत्रावरच्या. यालाही तडा गेलेला नाही असं नाही. २०२२ मध्येच संशोधकांनी काही चिपांना फसवून १२ मीटरचं अंतर शून्य भासवलं होतं, पण शंभरांतल्या फार तर चार प्रयत्नांत. प्रयोगशाळेत ही मोठी गोष्ट आहे. रात्री दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या चोराला तेवढी सवड नसते.

गाडीच्या माहितीपत्रकात 'डिजिटल की ३.०' असं लिहिलेलं दिसलं तर मला बरं वाटेल. कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम या गाड्यांच्या आणि फोनच्या कंपन्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये काढलेला हा नियम आहे, आणि त्यात ब्लूटूथच्या जोडीला युडब्ल्यूबी आलं. या पद्धतीत किल्लीचा गुप्त भाग फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये तयार होतो आणि तिथून बाहेर पडतच नाही. गाडीकडे फक्त तो भाग खरा आहे का हे ओळखायची खूण असते. म्हणून फोनचा बॅकअप पळवून किंवा पडद्याचा फोटो काढून कुणाला तुमची किल्ली मिळत नाही. धातूच्या किल्लीचा साचा कुणी कधी करून घेतला हे आपल्याला कळलंही नसतं. इथं कुणाकुणाकडे किल्ली आहे त्याची यादी समोर दिसते. मला या तंत्राबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

चौथा प्रकार म्हणजे अ‍ॅपमधलं 'उघडा' बटण. तो हुकूम इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून गाडीला. इथं अंतराचा प्रश्नच नाही, जगाच्या दुसऱ्या टोकावरून दार उघडतं. आणि इथंच पासवर्ड हीच किल्ली होते. २०२४ मध्ये काही संशोधकांना कियाच्या यंत्रणेत अशी फट सापडली की केवळ नंबरप्लेटवरून अर्ध्या मिनिटात गाडी शोधता, उघडता आणि सुरू करता येत होती. कंपनीनं ती बुजवल्यानंतरच त्यांनी ते जाहीर केलं. मालकांचं त्यात काहीच चुकलं नव्हतं. अशा बाबतीत आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: अ‍ॅप आणि गाडीचं सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करणं, आणि लांबून गाडी सुरू करायची सोय कधीच वापरत नसाल तर ती बंद करून टाकणं.

तंत्राचं एवढं पुरे. आता त्या तीन गोष्टी.

पिनपासून सुरुवात करते, आणि इथंच तुमच्या ह्यांनाही उत्तर देते. बँकेची आणि गाडीची तुलना त्यांनी केली, ती वरवर बरोबर वाटते. पण बँक प्रत्येक व्यवहाराला विचारते, 'तूच आहेस ना?' गाडीची किल्ली बऱ्याच फोनांत काहीच विचारत नाही. फोनला कुलूप असलं तरी तो जवळ आला की दार उघडतं, सोय व्हावी म्हणून मुद्दामच तसं केलेलं असतं. म्हणजे तुमचा फोन ज्याच्या हातात, त्याच्या हातात गाडी. फोनच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कार्डं आणि किल्ल्या ठेवायच्या अ‍ॅपमध्ये, त्या किल्लीच्या सेटिंगमध्ये जाऊन ही झटपट सोय बंद करता येते, मग दर वेळी चेहरा किंवा बोट मागितलं जातं. आणि काही गाड्यांत, टेस्लामध्ये तर २०१८ पासून, चालवण्याआधी पडद्यावर वेगळा पिन टाकायची सोय आहे. तुमच्या गाडीत असेल तर ती चालू करा. रिलेनं दार उघडलं तरी गाडी तिथून हलत नाही.

पण चेहरा चालला नाही की फोन शेवटी पिनवरच येतो, आणि तो पिन तुमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तुम्हाला ती सोय वाटते. घरातल्या माणसांवर माझा अविश्वास नाही. सगळ्यांना माहीत असलेला पिन सगळ्यांसमोर दाबला जातो, मुलांच्या मित्रांसमोर, दुकानात, प्रवासात, हे मला भेडसावतं. फोन चोरणारे आधी पिन बघून ठेवतात आणि मग फोन उचलतात. पिन हाती लागला की खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, आणि तुम्ही 'फोन लगेच बंद' करायला बसाल तेव्हा तुम्हीच खात्याबाहेर असाल. याच चोरीसाठी अ‍ॅपलनं जानेवारी २०२४ मध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आणलं. ते चालू असलं की फोन घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेबाहेर असताना पासवर्ड बदलायला चेहरा लागतो आणि वर तासभर थांबावं लागतं. अँड्रॉइडमध्येही त्याच वर्षी फोन हिसकावून पळालेलं ओळखून पडदा बंद करणारी सोय आली. जे असेल ते चालू करा. पिन सहा आकड्यांचा, नवा, आणि फक्त तुमचा ठेवा. मुलाला खेळायला जुना फोन द्या, ज्यात किल्ली नाही.

दिरांच्या नावावरचं खातं ही नाजूक गोष्ट आहे, म्हणून जपून लिहिते. त्यांनी मदत केली, त्यात शंका नाही. पण या पद्धतीत खातं ज्याचं, तो मालक. तुमच्या आणि ह्यांच्या फोनमधल्या किल्ल्या या त्यांनी दिलेल्या किल्ल्या आहेत, त्या ते काढू शकतात, नवी कुणाला देऊ शकतात, आणि बहुतेक अ‍ॅपमध्ये गाडी आत्ता कुठे उभी आहे तेही बघू शकतात. तुम्ही माहेरी गेलात, डॉक्टरांकडे गेलात, हे त्यांच्या फोनवर दिसतं. त्यांनी कधी पाहिलंही नसेल. तरी ते दिसू नये, एवढी अपेक्षा ठेवणं चूक नाही. शिवाय उद्या त्यांच्या ईमेलचा पासवर्ड कुठे फुटला, तर गाडी तुमची जाणार.

खात्यांच्या बाबतीत माणसं किती विसरतात याचं उदाहरण देते. आयबीएममधले सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यांनी विकून टाकलेली गाडी काही वर्षांनंतरही त्यांच्या अ‍ॅपमध्ये दिसत होती. ती कुठे आहे ते कळत होतं आणि तिचं दार उघडता येत होतं. ज्याचा धंदाच सुरक्षेचा, त्याच्या बाबतीत हे झालं. तेव्हा दिरांना सांगा, 'भाऊजी, तुम्ही तेव्हा सगळं बसवून दिलंत म्हणून आम्ही सुरुवात करू शकलो, आता खातं ह्यांच्या नावावर करून द्या.' गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच ईमेलवर नवं खातं, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड, आणि दोन टप्प्यांची ओळख-तपासणी मिळत असेल तर ती चालू. हे होत असताना तुम्ही शेजारी बसा. पडद्यावर काय काय विचारलं जातं ते स्वतः वाचा. पुढची गाडी कधी वापरलेली घेतलीत, तर जुन्या मालकाचं खातं आणि किल्ल्या निघाल्याची खात्री पैसे देण्याआधी करा.

भाच्याची किल्ली काढा. आठ दिवसांसाठी दिली होती, महिना झाला. तो घरचाच आहे, पण त्याचा फोन घरचा नाही. तो विकला जाईल, दुरुस्तीला जाईल, कुणाच्या हातात जाईल. काढून झाल्यावर गाडीच्या पडद्यावरच्या यादीतून त्याचं नाव गेलं का ते बघा. गाडी तळघरात उभी असेल, नेटवर्क नसेल, तर किल्ली रद्द झाल्याचा निरोप पोचायला वेळ लागू शकतो. पुढच्या वेळी देताना मुदत घालून देता येते का ते पाहा, काही गाड्यांत वेगाची मर्यादा घालूनही किल्ली देता येते.

फोन खरंच हरवला तर आधी दुसऱ्या फोनवरून तो 'हरवला' म्हणून नोंदवा, त्यानं वॉलेटमधल्या किल्ल्या थांबतात. मग गाडीच्या खात्यातून त्या फोनची किल्ली काढा. सिम आणि पासवर्ड त्यानंतर. आणि फोन दुरुस्तीला द्यायच्या आधी किल्ली काढून घ्या.

एक अनुभव सांगते, कारण याच्या उलट बाजूनं मी स्वतः अडकले आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांची गाडी मी घेऊन गेले होते, किल्ली फोनमधल्या अ‍ॅपची. तळघरातल्या पार्किंगमध्ये परत आले, गाडी समोर, फोनमध्ये भरपूर चार्ज, आणि नेटवर्कची एकही रेघ नाही. ती किल्ली इंटरनेटशिवाय चालत नव्हती हे मला तिथं कळलं. सोबत माझी वयस्कर मावशी होती. तिला एका पायरीवर बसवून मी वर-खाली करत राहिले, दोन तास गेले. चोर नव्हता, हल्ला नव्हता, तरी त्या दिवशी मावशीला झालेला त्रास मी विसरलेले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये टेस्लाचं अ‍ॅप काही तास बंद पडलं, तेव्हा फक्त फोनवर विसंबलेले कित्येक मालक असेच गाडीबाहेर उभे राहिले होते. काही आयफोनांत बॅटरी संपल्यावरही पाच तासांपर्यंत एनएफसीची किल्ली चालते. ही सोय चांगली, पण ती तुमच्या फोनमध्ये आणि गाडीत आहे का हे घरी असतानाच तपासा. लांबच्या प्रवासाला निघताना एक खरी किल्ली, किंवा गाडीबरोबर कार्ड मिळालं असेल तर ते, तुमच्याकडे ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये नको. फोन गेला तर तेही जाईल.

विमा कंपनीलाही एक ईमेल करा. चोरीच्या दाव्याच्या वेळी गाडीच्या सगळ्या किल्ल्या मागितल्या जाऊ शकतात. फोनमधल्या किल्ल्यांची नोंद त्यांना कशी हवी आहे, ते लेखी घेऊन ठेवा.

सासऱ्यांना काय सांगायचं? त्यांची भीती खोटी नाही, आणि त्यांना हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या दिव्याच्या वायरमधून गाडीच्या आतल्या यंत्रणेत शिरून चोरी करायचीही एक तऱ्हा आहे, २०२२ मध्ये एका संशोधकाचीच टोयोटा अशी गेली. तिथं फोनची किल्ली काय आणि कपाटातली काय, दोन्ही सारख्याच. त्यावर जुन्या पद्धतीचं, स्टिअरिंगला लावायचं जाडजूड कुलूप उपयोगी पडतं. ते आणायचं काम सासऱ्यांवर सोपवा. त्यांना पटेल असं कुलूप त्यांनीच निवडावं.

आणि भाच्याची किल्ली काढण्याआधी त्याला एक फोन करा. अचानक बंद झालेली दिसली तर त्याला वाटेल मामीचं काही बिनसलं.

तुमची,
ताई